दारापासचा आवाज

— तर तेच म्हणतोय मी, अनिरुद्धदादा. तुम्ही कर्वेनगरहून इथं वाघोलीपर्यंत आलात, शनिवारचा नगर रोड पार करून आलात, वर चार मजले चढलात — लिफ्ट गणपतीपासून बंद आहे, सोसायटी म्हणते बिल्डरला विचारा, बिल्डर म्हणतो सोसायटीला विचारा — आणि एवढा खटाटोप करून सांगितलंत काय, तर राकेश, अल्बम काढून टाक. हे फोनवर सांगता आलं असतं. मी फोनवरही नाहीच म्हणालो असतो, तुमचं पेट्रोल वाचलं असतं. बसा हो, उठताय कशाला, चहा ठेवलाय आईनं. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे पलंगावर या. दार उघडलं ती आई माझी. बोलली नाही म्हणून मनावर घेऊ नका, ती कुणाशीच बोलत नाही. हात जोडून जय भीम केला ना? झालं मग.

बोला आता. नाही, तुमचं सगळं ऐकलं मी, परत सांगायची गरज नाही. हिंमतराव ओव्हाळ मास्तरांच्या गाण्यांचा मी खिमा केला. मास्तरांनी आयुष्यभर बाबासाहेबांची गाणी रचली, शाळेची, पाण्याची, पोरींना शिकवायची गाणी रचली, आणि मी त्यांचे तुकडे पाडून त्यावर रॅप घातला, शिव्या घातल्या. शिव्या नाही, शिवी. एकच आहे अख्ख्या अल्बममध्ये, तीही टँकरवाल्याला आहे. वाघोलीत राहायला या, तुम्हीही घालाल. आणि रॅप माझा नाहीच — मला कुठं येतंय ते — रॅप दीपालीचा आहे, नर्सिंगला आहे ती पोरगी, ड्यूटी संपवून यायची आणि ह्याच पलंगावर बसून लिहायची. मी फक्त तुकडे लावतो. सँपल म्हणतात त्याला. जुन्या गाण्यातला एक घास घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्याच्या शेजारी दुसरा ठेवायचा. गोधडी शिवतात तसंच, दुसरं काही नाही. सोमवार ते शुक्रवार मी खराडीला एका कंपनीत टेस्टर आहे — दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायची हेच माझं काम — आणि शनिवार-रविवार हे. भोंगा ह्या नावानं. हसू नका, नाव चाललंय. ह्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत किती मंडळांनी लावलं विचारा. तुमच्या कर्वेनगरात नसेल वाजलं. आमच्याकडे वाजलं.

आमच्याकडे म्हणजे मार्केट यार्डात हो. वस्तीत. तुम्हीही तिथलेच की, दोन गल्ल्या सोडून घर होतं तुमचं, पत्र्याला निळा रंग होता, मास्तर संध्याकाळी बाहेर बाजेवर पेटी घेऊन बसायचे आणि आम्ही पोरं भोवती. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात, आमच्यात येत नव्हतात. नंतर तुम्हाला बँकेत नोकरी लागली आणि मास्तरांना घेऊन गेलात. चांगलं केलंत, टोमणा मारत नाहीये — मीही कंपनीत लागल्या लागल्या आईला उचलून इथं आलोच ना. सगळेच निघतात. पण गाणी नाही निघाली तिथून. तुम्ही फ्लॅटचा दस्त केलात म्हणून गाण्यांचा पत्ता बदलत नाही, एवढंच म्हणतोय.

हां, घ्या चहा. आलं घातलंय, चालतं ना?

आता तुम्ही मला विचारलंत, माझ्या बाबांचीच गाणी का, एवढे संगीतकार पडलेत, त्यांच्यामागं का लागलास. हे मला मुलाखतीतही विचारलं एकानं. त्याला मी सांगितलं की मास्तरांचा साउंड. फार आवडलं त्याला. लिहिलंय त्यानं — भोंगा ह्या निर्मात्यानं एकाच संगीतकाराच्या कॅसेटींमधून एक विलक्षण धातूचा ठेका काढला आहे, कारखान्यासारखा, शहरासारखा. मी म्हटलं लिही बाबा. धातूचा कसला ठेका, छापखाना आहे तो. खरंच. तुम्हाला आठवत असेल, नाना पेठेत खाली छापखाना आणि वरच्या खोलीत स्टुडिओ, भिंतींना गाद्या आणि गोणपाट ठोकलेलं. कॅसेट जयंतीच्या आधी बाजारात यायला हवी म्हणून रेकॉर्डिंग दर वर्षी मार्चमध्ये, आणि मार्चमध्येच खाली जयंतीची पत्रकं आणि लग्नपत्रिका, मशीन काही थांबत नाही. वर उकाडा. पंखा लावला तर माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, आणि माणसं घेरी येऊन पडायला लागली म्हणून मग दार थोडं उघडं. त्या फटीतून खालचं ट्रेडल मशीन वर यायचं — खटाक्-खट, खटाक्-खट. सगळ्या कॅसेटींमध्ये आहे, कान देऊन ऐकावं लागतं. तोच माझा ठेका. त्याच्यावर अख्खा अल्बम उभा आहे. तबला नाही, ढोलकी नाही, कॉम्प्युटरचा ड्रम नाही. छापखाना.

म्हणून अल्बमचं नाव ‘दारापाशी’? — हो, म्हणूनच. असंच समजा.

आणि ही काय पेनड्राइव्ह? ठेवा खिशात. नको, खरंच नको, ऐकलंय मी. तुम्ही परवा लिंक पाठवलीत त्यावर ऐकलं, सगळं ऐकलं, कंपनीची बस हडपसरहून फिरून येते, वेळच वेळ असतो. संपूर्ण हिंमतराव ओव्हाळ. मास्तरांच्या स्मृतिदिनाला येणार, हॉल बुक आहे, पाहुणे ठरलेत. फार स्वच्छ झालंय. तुम्ही खर्च केलाय, दिसतंय. खरखर काढली, छापखाना काढला, मास्तरांचा आवाज असा समोर आणून ठेवला की त्यांनी ओठ मिटलेलेही कळतात. आणि त्यांच्यामागं कोरसला कुठल्या क्लासातल्या पोरी घेतल्यात — मऊ, गोड, सगळ्या एकसारख्या. चूक कुठंच नाही. मी टेस्टर आहे, मला सापडली नाही. आणि आता तुमची म्युझिक कंपनी म्हणते की नेटवर ही एकच आवृत्ती राहिली पाहिजे, जुन्या कॅसेटींवरून लोकांनी चढवलेलं सगळं उतरवायचं, माझा अल्बम उतरवायचा, आणि मी ऐकलं नाही तर तुम्ही वारस म्हणून एक बटण दाबलं की झालं. बरोबर ना? म्हणजे मग जगात तोच एक कोरस राहील. क्लासातल्या पोरींचा.

काय? जुना कोरस बेसूर होता?

कोण बेसूर होतं? नाही, नाव घेऊन सांगा ना, दादा. तुम्ही म्हणालात बाया मार्केटमधून थेट यायच्या, घसे बसलेले असायचे, एक तर ओळ संपली तरी थांबायचीच नाही, साउंड इंजिनिअर म्हणाला त्याला ती साफच करता येईना, म्हणून सगळा कोरसच बदलला. तीच ना? ओळ संपली तरी न थांबणारी? तिच्या हातचा चहा पिताय तुम्ही.

बशीत सांडला, राहू द्या, पुसतो मी. नाही, तुम्हाला कसं माहीत असणार. तुम्ही कधी वर आलाच नाहीत त्या स्टुडिओत. आणि कॅसेटच्या कागदावर कुठं नावं होती कोरसची. गीत-संगीत-गायन हिंमतराव ओव्हाळ आणि पार्टी. आणि पार्टी — ह्या दोन शब्दांत माझी आई आहे. इंदुबाई. सकाळी यार्डात कांदा निवडायची, दुपारी हातपाय धुऊन, पातळ बदलून नाना पेठेत. मला बरोबर न्यायची नाही, म्हणायची तिथं शिंकलास तर मास्तर मारतील. आणि तुमच्या वडिलांचा कोरसचा एकच नियम होता, तो आईनं मला इतक्यांदा सांगितलाय की मला झोपेत म्हणता येईल — कोरसमध्ये एकही गळा ओळखू आला नाही पाहिजे. आठजणी असोत की दहा, आवाज एक. जिचा ओळखू येईल तिनं मागं सरायचं. ह्यात अपमान नव्हता हां, त्यांची ती शिस्तच होती, आई ते अभिमानानं सांगायची. म्हणायची, आमी एका जिवानं गायचो, एकटीनं मिरवायला ती काय तमाशाची बारी हाय व्हय.

पण आईची खोड होती. बाकीच्या थांबल्या की हिचा सूर थोडा मागं राहायचा. एवढासाच. ओळ संपली, सगळ्या गप्प, आणि हिचं शेपूट अजून हवेत. मला गल्लीतून हाक मारायची तेव्हाही तसंच — राक्याऽऽ — ‘राक्या’ संपायचं आणि ‘आ’ पुढं चालत राहायचा, पार पाण्याच्या नळापर्यंत, पोरं नक्कल करायची माझ्यासमोर. मास्तर समजावून थकले, हिला जमेना. तर त्यांनी तिला मागं सरकवलं. मग आणखी मागं. मग थेट दारापाशी, जिथं दाराच्या फटीत वीट लावलेली असायची तिथं. तिथं ती बारा-तेरा वर्षं उभी राहून गायली. मास्तरांनी तिला काढलं नाही हे मात्र मी कुणासमोरही सांगेन. दुसऱ्या कुणी काढली असती, बायांना काय तोटा होता. ते म्हणायचे, हिचा आवाज आहे म्हणून गाणं घरापर्यंत पोहोचतं. मास्तरांनी तिला दारापाशी ठेवलं. काढली ती तुम्ही.

बसा. रागावून बोललो, तरी बसा.

तुम्ही मघाशी आत वळून बघितलंत, ती बोलत का नाही म्हणून. घशाचं ऑपरेशन झालंय तिचं. चार वर्षं होतील आता. आधी नुसता आवाज बसला म्हणून हळद-दूध घेत राहिली, मग गाठ निघाली, मग डॉक्टर म्हणाले आवाजाची पेटी काढावी लागेल. पेटीच म्हणाले. आईला वाटलं हार्मोनियमबद्दल बोलतायत, आमच्याकडे कुठली पेटी म्हणून माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा हसलो आम्ही दोघं, दवाखान्यात. तेच तिचं शेवटचं आवाजाचं हसणं. आता गळ्याला भोक आहे, त्यावर ती पांढरं फडकं बांधते, म्हणून पाहुण्यांसमोर बसत नाही. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो — नाही, मोबाईलमध्ये काही नाही. मी एवढा मोठा भोंगा, घरात माइक, मॉनिटर स्पीकर, लॅपटॉप, सगळं हप्त्यावर घेतलेलं, आणि आईचा आवाज माझ्याकडे नाही. मोबाईल समोर धरला की ती पदर तोंडावर घ्यायची. मी म्हणायचो, राहू दे, नंतर बघू. नंतर म्हणजे कधी हे कुणी ठरवलेलं असतं का.

तर मास्तरांचा साउंड वगैरे काही नाही, अनिरुद्धदादा. ते मुलाखतवाल्याला सांगायला ठीक आहे. मी आईला शोधत होतो.

आमच्याकडच्या कॅसेटी होत्या त्या आधी ऐकल्या, मग वस्तीतल्या लोकांकडून गोळा केल्या, मग जुन्या बाजारात जाऊन बसलो — तिथं तुमचे वडील क्रिकेटच्या बॅटा आणि मोडके मिक्सर ह्यांच्यामध्ये ठेवलेले असतात, सांगून ठेवतो. घरी आणून एकेक ओळ ऐकायची. कोरस सुरू असताना ती सापडत नाही, मास्तरांची शिस्त पक्की, नाहीच ओळखू येत. पण ओळ संपते. सगळ्या थांबतात. आणि मग एवढासा, पापणी लवेपर्यंतचा वेळ — फक्त ती आणि छापखाना. तिची चूक होती ना, त्या चुकीतच तेवढी ती एकटी सापडते. मी ती शेपटं कापायला लागलो. एक एक. कुठं ‘आ’, कुठं ‘ई’, कुठं नुसता श्वास सोडल्याचा आवाज. कंपनीतून आलो की तेच. दीपाली म्हणायची, दादा तू गाणं करतोयस की दळण निवडतोयस. आणि ती शेपटं एकापुढं एक लावली, त्यांचा एक सूर तयार केला. आई एकटी गातेय असा. मला वाटलं, आता तिला ऐकवायचं. रविवारी दुपारी तिला ह्याच पलंगावर बसवलं, तुम्ही बसलाय तिथंच, हेडफोन घातला तिच्या डोक्याला आणि लावलं.

तिनं पूर्ण ऐकलंही नाही. हेडफोन काढला, लॅपटॉपचं झाकण धाडकन लावलं आणि आत गेली. मी मागं गेलो तर माझ्याकडे पाठ करून भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती, चिडली होती. दोन दिवस माझ्याकडे बघेना. मग एकदा जेवताना तिनं ताट बाजूला सारलं, हाताची बोटं अशी पसरून धरली, मग त्यातलं एकच बोट उभं ठेवलं आणि मान हलवली — नाही. मग सगळी बोटं मिटून मूठ केली आणि ती मूठ माझ्या छातीवर दोनदा आपटली. मला लागलं हो. तेव्हा कळलं. मी तिला एकटीला गायला लावलं होतं. जन्मभर जी गळा ओळखू येऊ नये म्हणून दारापाशी जाऊन उभी राहिली, तिला मी समोर माइकपुढं आणून उभी केली होती, तीही मास्तरांच्या गाण्यात. मला वाटलं होतं ती खूश होईल. दुसऱ्या कुणाची आई झाली असती खूश. कोरसवाली नाही होत.

आणि म्हणून सांगतो, तुमच्या आधी हे सगळं काढून टाकायला तिनंच सांगितलं होतं मला. तुम्ही दुसरे आहात. तिचंही ऐकलं नाही मी, तर तुमचं काय ऐकणार.

नाही — ऐकलं. तिचं ऐकलं. थोडं वेगळ्या तऱ्हेनं ऐकलं. तिचं म्हणणं एवढंच होतं ना, की एकटीनं नाही गायचं? मग मी कॅसेटी वर्षांप्रमाणे लावल्या. पहिल्या कॅसेटीतली आई — तेव्हा मी पोटातही नव्हतो, आवाज असा कोवळा, शेपूटसुद्धा घाबरत येतं. मग मधली, यार्डात पोती उचलणारी, आवाज भरलेला. मग बाप गेला त्या वर्षीची, तिच्यात एक चीर आहे, तुम्ही बेसूर म्हणाल. मग शेवटची, सीडी येऊन कॅसेटी बंद पडायच्या आधीची, थोडी बसलेली, खाली उतरलेली. ह्या सगळ्या इंदू मी शेजारी शेजारी उभ्या केल्या. एका ओळीत. आठ इंदू, दहा इंदू. त्यांचाच कोरस केला. एकटी नाही कुणीच, आणि सगळी तीच आहे. आणि एकही गळा वेगळा काढता येत नाही हो, मास्तर असते तर त्यांनाही आला नसता. ते तिला ऐकवलं. ह्या वेळी हेडफोन नाही दिला, स्पीकरवर लावलं आणि मीच बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. संपलं तरी आवाज येईना, झाकण लावल्याचाही नाही. मग परत पहिल्यापासून सुरू झालं. तिनंच लावलं होतं. तिला लॅपटॉप येत नाही चालवायला, कुठलं बटण दाबलं देव जाणे — चुकलं, आई ऐकेल, आमच्यात देव नाही — कुठलं बटण दाबलं कुणास ठाऊक, पण लावलं.

ते अल्बममधलं शेवटचं गाणं. तुम्ही म्हणता कायदा तुमच्या बाजूनं आहे. आहे. मी विचारलंय एकाला. चाल मास्तरांची, शब्द मास्तरांचे, हक्क तुमचा, मी परवानगी घेतली नाही, सगळं कबूल. पण घसा कुणाचा? त्याचे वारस कोण? त्या घशाचा दाखला मी कुठल्या कचेरीतून आणू, सांगा. तुम्ही बटण दाबलंत तर माझा अल्बम जाईल, लोकांनी चढवलेल्या कॅसेटी जातील, आणि त्याबरोबर ती जाईल. मी पुन्हा चढवेन. तुम्ही पुन्हा उतरवाल. मी दुसऱ्या नावानं चढवेन. माझी नोकरी गेली तरी चालेल, ह्या कामाला मला पगार लागत नाही. मी तुमच्याकडे काही मागत नाहीये, लक्षात घ्या. परवानगी मागत नाही, माफी मागत नाही. फक्त —

फक्त जुना कोरस ठेवा ना, दादा. तुमच्या त्या संपूर्ण हिंमतरावांमध्ये. क्लासातल्या पोरी राहू देत, त्यांचंही काही चुकलेलं नाही. पण ह्या बायाही राहू देत. खरखरीसकट. नाव नका घालू, आईला आवडायचंही नाही नाव. आणि पार्टी, एवढं लिहा, पण ती पार्टी असू द्या.

बघा, मागत नाही म्हणता म्हणता मागितलं. जाऊ द्या.

एक विचारू? मास्तरांचा नुसता बोलतानाचा आवाज आहे का तुमच्याकडे? गाण्याचा नाही. घरात बोलतात तसा. जेवायला वाढा, दार लाव, असला. नाही ना? मला वाटलंच. तुम्हीही म्हणाला असाल, नंतर बघू. माझ्याकडे आहे. अहो, खरंच. कॅसेटीत गाणं सुरू व्हायच्या आधी, रेकॉर्डिंगवाल्यानं आधीच सुरू केलेलं असायचं, त्यात येतात ते. खोकतात. पेटीवाल्याला ओरडतात. एकदा म्हणतात, आमच्या अन्याचा आज पेपर आहे रे, लवकर उरका. तुम्हीच ना अन्या? तुमच्या इंजिनिअरनं ते सगळं कापलंय, गाणं जिथं सुरू होतं तिथूनच ठेवलंय. साफसफाईत तुमचा बापही गेला, दादा. मला हे असं सांगायचं नव्हतं. तुम्ही बेसूर म्हणालात म्हणून तोंडातून गेलं.

डोळे पुसा, लाजू नका, इथं कुणी बघत नाही. आईनं बघितलं तरी ती कुणाला सांगणार आहे.

थांबा, लावतो. शेवटचंच लावतो, त्यात दोघंही आहेत. आवाज वाढवतो थोडा, शेजारचे शनिवारी घरी नसतात. ही खरखर, ही तशीच ठेवलीय मी. हा छापखाना, खटाक्-खट, ऐकू येतोय? आता मास्तर बोलतील, लक्ष द्या, एकदाच बोलतात —

ऐकलंत? ‘इंदे, मागं सर. दारापाशी जा.’ तेच. तुमचे बाबा. हसत बोलतायत, कळतंय ना, रागावलेले नाहीत.

आता हळूच मागं बघा. स्वयंपाकघराच्या दारात. आत्ता चौकटीत पुढं उभी होती ना ती, कप न्यायला आलेली? कुठं गेली? एक पाऊल मागं. दर वेळी सरते. मास्तर जाऊन इतकी वर्षं झाली, नाना पेठेतला तो छापखानाही पाडला, आणि हे वाक्य आलं की ती हातातलं काम टाकून मागं सरते, भिंतीला टेकून उभी राहते. मी किती वेळा सांगितलं. आई, ये की पुढं. ये गं. परका नाही कुणी, मास्तरांचा अन्या आहे.

नाही, तुम्ही नका उठू. तिच्याकडे बघूही नका असं एकटक, तिला आवडत नाही. बटण दाबायचं तर घरी जाऊन दाबा, लॅपटॉप हवा तर माझा वापरा, पण आत्ता काही नाही. बघा, तिनं हात वर घेतलाय टाळीला. आता बोलू नका. कोरस येतोय.